ओळखीचा बिबट्या, नवे इंग्रजी

लेखमाला : उद्योगनगरीतले वाचन – लेखांक ७

मागच्या लेखात आपण २००० सालच्या निर्णयाकडे पाहिले. तोवर मराठी माध्यमाच्या मुलाला पाचवीत भेटणारे इंग्रजी तेव्हापासून पहिलीतच आले. तो निर्णय घेणारे शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे याच परिसरातले. चिंचवडचे प्रेक्षागृह त्यांच्याच नावाचे. त्या निर्णयाने इंग्रजीची वर्षे वाढली, पण त्या वर्षांत मुलांनी वाचायचे काय, हा प्रश्न पाठ्यपुस्तकावर आणि गाईडवर सोडून दिला गेला. आजचा लेख तेवढ्याच प्रश्नाचा आहे. पिंपरी, भोसरी, चाकण, तळेगाव या पट्ट्यात घरी कोणीच इंग्रजी बोलत नाही अशी असंख्य घरे आहेत. मराठवाड्यातून, खानदेशातून, विदर्भातून आणि थेट उत्तर प्रदेश-बिहारमधून कंपनीच्या कामासाठी आलेल्या या घरांतल्या काही मुलांना इंग्रजी ही तिसरी भाषा असते. या मुलांचे इंग्रजी वाचन प्राणी, विज्ञान आणि साहस यांवरच्या छोट्या, खऱ्या माहितीच्या पुस्तकांपासून सुरू व्हावे, आणि त्यातली पहिली पुस्तके इथल्याच मातीतली असावीत, असे माझे ठाम मत आहे.

या मताचा पहिला आधार असा, की वाचणारा केवळ शब्दांच्या बळावर वाचत नाही, त्याला आधीपासून जे ठाऊक असते त्याच्या बळावरही वाचतो. १९८८ साली डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली या अमेरिकी संशोधकांनी ६४ शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले. काही मुले वाचनात तरबेज होती, काही कच्ची; काहींना बेसबॉल चांगला कळत होता, काहींना मुळीच नाही. वाचून झाल्यावर मुलांनी जे सांगितले आणि मांडून दाखवले, त्यात खेळ जाणणारी कच्ची मुले खेळ न जाणणाऱ्या तरबेज मुलांच्या पुढे गेली. ओळखीच्या विषयाने वाचनातली उणीव भरून काढली. आता बेसबॉलच्या जागी बिबट्या ठेवून पाहा. खेड, जुन्नर, आंबेगाव, शिरूर या तालुक्यांतल्या मुलाला बिबट्याबद्दल जे ठाऊक असते, ते इंग्रजी माध्यमाच्या महागड्या शाळेतल्या मुलालाही ठाऊक नसते. बिबट्या उसात राहतो, कुत्र्यांवर टपून असतो, अंधार पडल्यावर गोठ्याकडे येतो, हे या मुलाने घरात ऐकलेले असते. कारखान्यांच्या वस्तीलाही बिबट्या परका राहिलेला नाही. मार्च २०२२ मध्ये चाकणच्या मर्सिडीज-बेंझ कारखान्याच्या आवारात बिबट्या शिरला, वनखात्याने आणि माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्राच्या पथकाने त्याला बेशुद्ध करून पकडले, आणि ही बातमी घराघरांत पोचली. एवढे ठाऊक असलेल्या मुलाच्या हाती आपण कुठल्या तरी दूरच्या राजवाड्यातली राजकन्या देतो आणि त्याचे इंग्रजी कच्चे असल्याचा निष्कर्ष काढतो.

असे पुस्तक कसे असावे, याचा नमुना आपल्या शेजारच्या जिल्ह्यात प्रत्यक्ष घडून गेला आहे. २००९ साली नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वर इथे एक बिबट्या विहिरीत पडला. त्याला बाहेर काढले, गळ्यात जीपीएस पट्टा बांधला आणि माळशेज घाटात सोडले. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांच्या चमूने त्याचे नाव ठेवले आजोबा. पट्ट्याकडून येणाऱ्या नोंदींवरून कळत गेले, की हा बिबट्या सोडलेल्या जंगलात थांबलेलाच नाही, चालतोच आहे. त्याने कसाऱ्याजवळचा रेल्वेमार्ग ओलांडला, मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडला, वसईची खाडी पोहून पार केली आणि साधारण महिन्याभरात सुमारे १२० किलोमीटर अंतर कापून तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोचला. वाटेत त्याने कोणाही माणसाला इजा केल्याची नोंद नाही. डिसेंबर २०११ मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेत तो मेला. पुढे त्याच्यावर मराठी चित्रपटही निघाला. यात प्राणी आहे, उपग्रहाकडून जागा कळण्याचे विज्ञान आहे, आणि कोणत्याही शिकारकथेच्या तोडीचे साहसही आहे. शिवाय यातले प्रत्येक ठिकाण महाराष्ट्राच्या नकाशावर बोट ठेवून दाखवता येते. मुलाने नकाशा समोर ठेवून ही गोष्ट चोवीस पानांच्या पुस्तकात इंग्रजीत वाचली, तर पुढच्या पानावर बिबट्या कुठे पोचला असेल याची उत्सुकताच त्याला अनोळखी शब्दावरून पुढे नेईल.

दुसरा आधार भाषेच्या घडणीत आहे, आणि माझ्या मते त्याचा विचार फार कमी होतो. परीकथेचे इंग्रजी दिसते सोपे, असते अवघड. तिची सुरुवातच ‘वन्स अपॉन अ टाइम देअर लिव्ड’ अशी उलट्या क्रमाच्या, भूतकाळी वाक्याने होते. क्रियापदांची अनियमित रूपे, संवाद आणि जुने शब्द एकाच पानावर अंगावर येतात. प्राण्याच्या माहितीचे वाक्य मात्र ‘द लेपर्ड हंट्स ॲट नाइट’ असे असते. मराठीत आपण ‘बिबट्या रात्री शिकार करतो’ म्हणतो. सवय सांगायला दोन्ही भाषा साधा वर्तमानकाळच वापरतात. मराठी मुलाला शिकायचे उरते ते एवढेच, की शेवटचे क्रियापद मध्ये आणायचे आणि त्याला तो छोटा ‘स’ जोडायचा. हा ‘स’ दहावीपर्यंत आपल्या मुलांच्या हातून सुटत राहतो. व्याकरणाच्या तासाला त्याचा नियम पाठ होतो, पण सवय होत नाही. बिबट्या चढतो, लपतो, पोहतो, झोपतो असे सांगणाऱ्या पुस्तकात तो चाळीस वेळा डोळ्यांखालून जातो. शब्दांचेही तसेच आहे. १९२० च्या दशकात ढाक्याच्या शिक्षक महाविद्यालयात काम करणाऱ्या मायकेल वेस्ट यांना दिसले, की वाचनमालांत नवे शब्द भराभर येतात आणि पुन्हा क्वचितच भेटतात, त्यामुळे बंगाली मुले वाचनाला कंटाळतात. नेमक्या शब्दांची आणि पुरेशा पुनरावृत्तीची पुस्तके त्यांनी तिथेच रचली. आज जगभर पायरी-पायरीने जी इंग्रजी वाचनपुस्तके निघतात, त्यांचे एक महत्त्वाचे मूळ असे आपल्याच उपखंडातल्या वर्गात आहे. एकाच प्राण्यावरच्या पुस्तकात ही पुनरावृत्ती मुद्दाम घडवावी लागत नाही, विषयच ती घडवून आणतो.

यावर पहिला आक्षेप असा, की मुलांना गोष्टी आवडतात, माहिती रूक्ष असते. या आक्षेपामागे भक्कम पुरावा आहे आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. फिजीच्या ग्रामीण शाळांत वॉरविक एली आणि फ्रान्सिस मांगुभाई यांनी वर्गांत सुमारे अडीचशे चित्रमय इंग्रजी पुस्तके ठेवली आणि मुलांना ती रोज वाचू दिली. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार या मुलांची इंग्रजी वाचनातली आणि ऐकून समजण्यातली प्रगती नेहमीच्या पद्धतीने शिकणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट झाली. ती पुस्तके बहुतांशी गोष्टींचीच होती. यावरून मी गोष्टी बाजूला सारा असे म्हणणार नाही. मला त्यातून दिसते ते असे, की भरपूर आणि गोडीचे वाचन मिळाले की भाषा वाढते, आणि गोडी लागायला समोरचे जग मुलाला कळावे लागते. माहिती रूक्ष असते हा समज तर पाठ्यपुस्तकातल्या माहितीवरून झालेला आहे. आजोबाच्या प्रवासाला सुरुवात आहे, अडथळे आहेत, शेवट आहे. १९९८ साली सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले, २०१२ साली उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे आठ गिर्यारोहक शिखरावर उभे राहिले, याही खऱ्या घटनाच आहेत. सत्य घटनेचे साहस वाचताना मूल ‘हे खरंच झालं का?’ असे विचारते आणि ‘हो’ ऐकल्यावर पुन्हा पहिल्या पानाकडे जाते.

दुसरा आक्षेप अचूकपणाचा. भाषा सोपी करायला गेले की विज्ञान खोटे होते, असे जाणकार म्हणतात. पण सोपेपणा आणि खोटेपणा यांचा संबंध लेखकाच्या आळसाने जोडलेला असतो. ‘बिबट्या जंगलात राहतो’ हे वाक्य सोपे आहे आणि आपल्या भागापुरते अपुरे आहे. ‘बिबट्या उसातही राहतो’ हे तितकेच सोपे आणि अधिक खरे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरात अभ्यास केला, तेव्हा १०० चौरस किलोमीटरच्या शेतीच्या, दाट वस्तीच्या मुलखात सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले, आणि त्यांच्या अन्नात वजनाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. हे सांगायला अवघड इंग्रजी लागत नाही. उलट ‘लेपर्ड इज अ फॉरेस्ट ॲनिमल’ एवढेच छापणारे पुस्तक उसाच्या कडेने शाळेत जाणाऱ्या मुलाला कळत-नकळत सांगते, की इंग्रजीतले जग वेगळे आणि तुझे वेगळे. बिबट्याच्या हल्ल्यांनी जुन्नर-शिरूरसारख्या तालुक्यांत माणसे गेली आहेत, तेव्हा त्यावर मुलांसाठी पुस्तक करणे हा भीतीशी खेळ आहे, असेही कोणी म्हणेल. पण अंधारात एकटे न जाणे, उसाच्या कडेला वाकून न बसणे, घोळक्याने बोलत जाणे, ही माहिती दोन भाषांत वाचलेले मूल अधिक सावध होईल.

मराठीचे काय, हा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो. माहितीचे वाचन इंग्रजीत गेले तर मराठी गोष्टीपुरती उरेल, ही भीती अनाठायी नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. एखादा विषय मुलाने आधी मराठीत वाचावा किंवा ऐकावा, मग तोच इंग्रजीत. ओघाने वाचायचे तर शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे असावे लागतात, असे हू आणि पॉल नेशन यांच्या २००० सालच्या अभ्यासात दिसले. आपल्या मुलांची इंग्रजी शब्दसंपत्ती तिथवर पोचायला वर्षे लागतील, आणि तोवरची तूट मराठीतले ज्ञानच भरून काढू शकते. सहावीत सेमी-इंग्रजीच्या विज्ञानात ‘हॅबिटॅट’ येतो तेव्हा ‘अधिवास’ही मुलाला तितकाच नवा असतो. एकाच बिबट्याच्या आधाराने दोन्ही शब्द एकदम पक्के होतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या मंचावर २०१५ पासून हजारो पुस्तके मोफत आहेत, त्यांतली कित्येक मराठी आणि इंग्रजी दोन्हींत, वाचनपायरीनुसार लावलेली. खर्चाचा आक्षेप कोणी घेतला, तर त्यालाही यातच उत्तर आहे.

विज्ञानासाठीही दूर जायला नको. अलेक्झांडर फ्लेमिंगना १९२८ मध्ये सापडलेले पेनिसिलिन बनवायला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने पिंपरीत उभा राहिला; बुरशीपासून बाटलीपर्यंतचा तो प्रवास सोप्या इंग्रजीत उत्तम बसतो. आयआयटी कानपूरमधून बाहेर पडलेले अरविंद गुप्ता पुण्यात टेल्कोत ट्रक बनवण्याच्या कामावर होते. १९७८ मध्ये रजा घेऊन ते होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि आगकाड्या व सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्यांनी भूमितीचे आकार उभे केले. त्यावरचे त्यांचे पुस्तक अनेक भारतीय भाषांत गेले. ‘कट द ट्यूब, पुश द मॅचस्टिक’ असे वाचत हाताने करून पाहणे, हा वाचलेले समजले की नाही हे तपासण्याचा सर्वांत खरा मार्ग. हेच मूल उद्या आयटीआय करून चाकणला मशीनपुढे उभे राहील तेव्हा त्याच्यासमोर टांगलेला सूचनांचा कागद नेमका याच भाषेत असेल : क्रमाने, मोजमापाने, आज्ञार्थी. गोष्टींच्या वाचनाने त्याची तयारी होत नाही.

शिक्षकांना आणि पालकांना माझी विनंती आहे. पुढचा लेख येईपर्यंत मुलांकडून त्यांना ठाऊक असलेल्या एका प्राण्याबद्दल दहा वाक्ये मराठीत लिहून घ्या, मग तीच दहा वाक्ये त्यांच्यासोबत बसून इंग्रजीत उतरवा, चित्रे काढायला सांगा आणि कागद टाचून ते पुस्तक वर्गात ठेवा.