तेहतीसचे टायर टाकताय? आधी वाफसा येऊ द्या!

गाडी उचलायची आणि खाली मोठे टायर चढवायचे, ही क्रेझ आता सोलापुरातही दिसते. पण खर्च करण्याआधी थोडं गणित करू या. सोपं आहे, दहावीचं पुरेल.

संध्याकाळचे सात. सात रस्त्याचा सिग्नल. तुमच्या ॲक्टिव्हाशेजारी एक काळी थार येऊन थांबते. उचललेली, आणि टायर असे की तुमच्या सीटच्याही वर आलेत. मागं बसलेला दोस्त खांद्यावर थाप मारतो, ‘काय टायर हाय बे! तुझ्या पप्पांच्या थारला पण टाकू की!’

झालं. डोक्यात किडा शिरला. रात्री जेवताना रील्स, झोपताना रील्स. दोन इंचांचं लिफ्ट किट, तेहतीसचे टायर, मॅट ब्लॅक रिम. आता प्रश्न एवढाच उरतो की पप्पांना पटवायचं कसं.

थांबा. पप्पांना पटवण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा. हे सगळं कशासाठी हवंय? चिखलातून गाडी काढायला, की सिग्नलवर उठून दिसायला? दुसरं उत्तरही चालेल, त्यात लाजायचं काही नाही. पण त्याची किंमत काय, ते माहीत असायला हवं.

टायरवरचे आकडे

दुसऱ्या पिढीची थार 2020 साली आली, तीही आपल्या नाशिकच्या कारखान्यातून. तिच्या एका मॉडेलच्या टायरवर 245/75 R16 असं लिहिलेलं असतं. 245 म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. 75 म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, रुंदीच्या 75 टक्के. म्हणजे साधारण 184 मिलिमीटर. 16 म्हणजे रिमचा व्यास, हा मात्र इंचात.

आता बेरीज करा. वरची भिंत 184, खालची 184, मध्ये रिम 406. एकूण 774 मिलिमीटर, म्हणजे साडेतीस इंच. ज्याला सगळे ‘तेहतीस’ म्हणतात तो 285/75 R16 याच पद्धतीनं मोजा. 834 येतं. फरक 60 मिलिमीटरचा. हे 60 लक्षात ठेवा, पुढं सारखे लागणार आहेत.

उंच कोण झालं?

लिफ्ट केल्यावर गाडी दोन इंच वर जाते, हे खरं. पण गाडीचं सगळं वर जात नाही. थारच्या मागं अखंड ॲक्सल आहे आणि त्याच्या मध्यावर डिफरन्शिअलचा गोळा. दगडाला, बांधाला पहिल्यांदा घासतो तो हाच. लिफ्ट किट स्प्रिंगच्या वरचं सगळं उचलतं. ॲक्सल मात्र चाकांना जोडलेला, म्हणून तो होता तिथंच राहतो. लिफ्टवर कितीही पैसे ओता, डिफरन्शिअल एक मिलिमीटरही वर येत नाही.

त्याला वर नेतो तो टायर, आणि तोही निम्म्यानंच. ॲक्सल टायरच्या मध्यावर असतो ना! म्हणजे व्यास 60 वाढला तर ॲक्सलची उंची वाढते 30 मिलिमीटर. बोटाच्या दोन पेरांपेक्षाही कमी. एवढ्यासाठी सगळा खटाटोप.

मग लिफ्ट करतात कशाला? मोठ्या टायरला जागा करून द्यायला. म्हणून आधी टायर ठरवायचा, तो बसत नसेल तरच लिफ्टचा विचार करायचा. आपल्याकडं उलटं होतं. आधी गाडी उचलायची, मग टायर बारके दिसतात म्हणून ते बदलायचे.

थारला पुढं दोन्ही चाकांचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे. तिथं उंची वाढवली की चाकाला ताकद देणाऱ्या शाफ्टचा कोन बदलतो, सांध्यांवर ताण येतो, अलाइनमेंट हलतं. ब्रेकची रबरी नळी ताणली जातेय का, हेही बघावं लागतं. दुकानात ‘फिट बसतंय’ म्हणतात ते गाडी सपाट उभी असताना. स्टीअरिंग पूर्ण वळवलेलं आणि एक चाक उंच दगडावर चढलेलं असताना टायर आतल्या लायनरला घासतो का, हे कुणी तपासत नाही. ते तुम्हालाच तपासून घ्यावं लागतं.

काटा शंभरवर, गाडी एकशेआठला

स्पीडोमीटर चाकाचे फेरे मोजतो. टायर मोठा झाला की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते, आणि त्या बिचाऱ्या काट्याला ते कळत नाही. आपल्या हिशेबात फरक पावणेआठ टक्क्यांचा. मोहोळच्या पुढं पुणे हायवेवर काटा 100 दाखवत असेल, तेव्हा तुम्ही जवळपास 108 नं चाललेले असता.

आठच तर आहे, असं वाटेल. पण ब्रेकला जी ऊर्जा शोषायची असते ती वेगाच्या वर्गानं वाढते. म्हणजे 16 टक्के जास्त. त्यात टायर जड, म्हणून फिरतं चाक थांबवणं आणखी अवघड. व्यास वाढला म्हणून ब्रेकची पकडही तेवढी कमी पडते. गाडी उंच झाल्यानं वजनाचा मध्यबिंदू वर गेलेला, त्यामुळं अचानक वळवली तर कलंडायचा धोका वाढलेला. आणि समोर रात्रीच्या अंधारात, मागचा लाइट नसलेली उसाची डबल ट्रॉली. हंगामात आपल्या रस्त्यांवर ती कुठं आणि कशी उभी असते, हे सोलापूरकराला सांगायला नको.

काळ्या रानाचं गणित

‘पण चिखलात तर मोठाच टायर लागतो!’ असं म्हणाल. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपचा टायर होता 6.00-16. रुंदी फक्त सहा इंच. ती जीप हलकी होती हे खरं, पण निम्मं जग तिनं त्याच बारक्या टायरवर चिखलातून तुडवलं. आजची जिम्नीही 195 मिलिमीटरच्या टायरवर येते.

आपल्या काळ्या मातीची खोड वेगळी. ओली झाली की ती टायरच्या खाचांत गच्च बसते. मग तीस इंची असो की तेहतीस, टायर गुळगुळीत नारळासारखा फिरत राहतो. इथं व्यासापेक्षा खाचा किती खोल, किती मोकळ्या, याला महत्त्व आहे.

आणि हवेला. चिखलात किंवा वाळूत अनुभवी मंडळी टायरची हवा वीस पीएसआयच्या आसपास उतरवतात. टायर पसरतो, जमिनीला जास्त चिकटतो. खर्च शून्य. फक्त वेग अगदी कमी ठेवायचा, झटक्यात वळवायचं नाही, आणि डांबरी रस्त्यावर येण्याआधी कॉम्प्रेसरनं हवा पुन्हा भरायची.

अजून एक. आपला शेतकरी पावसानंतर लगेच रानात औत घालत नाही. वाफसा येण्याची वाट बघतो, कारण ओली काळी माती तुडवली की दडपते आणि पिकाला त्रास होतो. ज्वारीच्या रानात तुमच्या टायरनं पाडलेली चाकोरी रीलमध्ये भारी दिसते, शेतकऱ्याला ती पुढं कितीतरी दिवस दिसत राहते. नान्नजचा माळही मोकळा दिसतो म्हणून मोकळा नाही. ते 1979 पासूनचं माळढोक अभयारण्य आहे.

आरसी कुणाच्या नावावर?

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं, कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. 9 जानेवारी 2019 रोजी सुप्रीम कोर्टानंही हेच स्पष्ट केलं. बेकायदा बदल केल्यास कलम 182अ नुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. नीट वाचा. मालकाला! टायर तुम्ही टाकणार, नोटीस पप्पांना येणार. विमा कंपनीला न कळवलेल्या बदलामुळं अपघातानंतरचा क्लेम अडकू शकतो, तो वेगळाच.

मग करायचं काय?

- कंपनीनं तुमच्या मॉडेलसाठी मंजूर केलेलं माप सोडू नका. त्याच मापात खोल खाचांचा चांगला टायर घ्या.
- टायरवरचा लोड इंडेक्स आणि वेगाचं अक्षर मूळ टायरपेक्षा कमी नको. Q म्हणजे 160, S म्हणजे 180 किलोमीटर.
- टायर चार नाही, पाच घ्या. वेगळ्या मापाची स्टेपनी लावून फोर बाय फोर चालवली तर डिफरन्शिअल आणि ट्रान्सफर केसवर ताण येतो.
- लिफ्टच्या पैशांत हवेचं गेज, छोटा कॉम्प्रेसर आणि ओढायचा पट्टा घ्या. उरलेल्या पैशांत एखाद्या ट्रेनिंग ट्रॅकवर जाऊन गाडी चालवायला शिका.

पुढच्या वेळी सात रस्त्यावर ती काळी थार भेटली की जरूर बघा. मस्तच दिसते ती. फक्त दोस्तानं खांद्यावर थाप मारली की त्याला विचारा, ‘डिफरन्शिअल किती वर आलं सांग बे?’

सिग्नल सुटेपर्यंत तो हिशेबच करत बसेल.