सत्तेच्या वाटणीत महिलांची खुर्ची

केंद्रीय मंडळाच्या दहावीच्या राज्यशास्त्रात बेल्जियमचा धडा आहे. भाषिक गटांनी भांडत न बसता सत्ता वाटून घेतली, हे आमचे विद्यार्थी घडाघडा सांगतात. पण वाटणीच्या वेळी गटाच्या वतीने बोलायला कोण बसते? बहुधा पुरुषच. उत्तर आयर्लंडमधील महिलांनी हाच प्रश्न विचारला.

तेथे ब्रिटनसोबत राहू इच्छिणारे युनियनवादी (बहुतांशी प्रॉटेस्टंट) आणि आयर्लंडशी एक होऊ पाहणारे राष्ट्रवादी (बहुतांशी कॅथलिक) यांच्या संघर्षात तीस वर्षांत सुमारे ३,५०० माणसे मेली. १९९६ मध्ये वाटाघाटींसाठी निवडणूक ठरली. महिलांना उमेदवारी द्या, ही मागणी पक्षांनी मनावर घेतली नाही. तेव्हा दोन्ही समाजांतील महिलांनी काही आठवड्यांत स्वतःचीच 'महिला आघाडी' उभी केली. मते मिळाली जेमतेम एक टक्का! पण पहिल्या दहा पक्षांना प्रत्येकी दोन जागा देण्याचा नियम होता. त्यामुळे कॅथलिक मोनिका मॅकविल्यम्स आणि प्रॉटेस्टंट पर्ल सेगर निवडून आल्या. सभागृहात काही पुरुषांनी हंबरून त्यांची टिंगल केली. त्या डगमगल्या नाहीत.

१० एप्रिल १९९८ च्या करारात महिलांच्या समान राजकीय सहभागाचा हक्क, हिंसेत होरपळलेल्यांची दखल आणि दोन्ही समाजांच्या मुलांचे एकत्र शिक्षण हे मुद्दे आले. त्यामागे या आघाडीचा आग्रह होता.

मात्र नव्या विधानसभेत प्रत्येक सदस्याने युनियनवादी, राष्ट्रवादी की 'इतर' अशी नोंद करायची असते. महत्त्वाच्या निर्णयांना पहिल्या दोन्ही गटांचा पाठिंबा लागतो; 'इतरां'च्या मताला तेवढे वजन नाही. दोन्ही समाजांना जोडणारी आघाडी 'इतरां'त गेली. २००३ मध्ये तिच्या जागा गेल्या आणि २००६ मध्ये ती विसर्जित झाली.

स्त्रीवादी अभ्यासकांचा आक्षेप इथेच आहे. गटांत सत्ता वाटल्याने बंदुका थांबतात, हे खरेच. पण मग गट हीच माणसाची एकमेव ओळख ठरते आणि गटाच्या आतले बाईचे म्हणणे दबून जाते. फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथील दोन्ही सर्वोच्च पदांवर महिला आल्या, तरी नोंदीचा नियम बदलला नव्हता.

आम्हीही परप्रांतात अल्पसंख्य म्हणून राहतो आणि 'आपल्या समाजाचे म्हणणे' असे सहज बोलतो. त्यात आपल्या आया-बहिणींचे म्हणणे किती असते, हे पुढच्या सभेत एकदा मोजून पाहू या.