पाणी कुठं झिरपणार, हे विचारायचा खर्च

खाणीचा पर्यावरण अहवाल हजारो पानांचा असतो. भूजलाची गणितं, माशांच्या पैदाशीचे तक्ते, गाळाच्या बंधाऱ्याचे आराखडे. कंपनीनं पैसे मोजून तो तज्ज्ञांकडून करून घेतलेला असतो. मग गावाला विचारलं जातं, तुमचं काय म्हणणं? म्हणणं असतंच, पण ते भूजलशास्त्राच्या भाषेत मांडून देणाऱ्या माणसाची फी कोणी भरायची?

कॅनडात या प्रश्नाला तोंड फुटलं ते खाणीमुळे नव्हे, वायुवाहिनीमुळे. 1974 मध्ये मॅकेन्झी खोऱ्यातल्या प्रस्तावित वाहिनीच्या चौकशीवर न्यायमूर्ती थॉमस बर्जर नेमले गेले. ते 35 वस्त्यांवर गेले, लोकांचं त्यांच्याच भाषेत ऐकून घेतलं, याच्या आठवणी आजही निघतात. मला मात्र त्यांचा हिशेब जास्त महत्त्वाचा वाटतो. आदिवासी संघटना आणि पर्यावरण गटांना त्यांनी सरकारी पैसा मिळवून दिला. ज्याचं हित खरं आहे, ते दुसरं कोणी मांडणार नाही आणि स्वतःची ऐपत नाही, त्याला मदत, असे त्यांचे निकष. 1977 च्या अहवालात त्यांनी वाहिनी दहा वर्षं थांबवायला सांगितलं.

ओंटारिओ प्रांतानं पुढं 1988 मध्ये कायदाच केला आणि विरोधकांचा खर्च थेट प्रकल्पवाल्यावर टाकला. 1996 मध्ये त्याची मुदत संपू दिली गेली. केंद्राच्या, 1995 पासून लागू झालेल्या कायद्यात मोठ्या प्रकल्पांच्या तज्ज्ञ मंडळांपुढे येणाऱ्यांसाठी निधी आला खरा, पण तो खर्चाचा काही भागच भरून काढणारा.

या निधीची मोठी कसोटी लागली ती ब्रिटिश कोलंबियातल्या तेझतान बिन्य, म्हणजे फिश लेक, या तलावाच्या प्रकरणात. टासेको कंपनीला तिथं सोन्या-तांब्याची खाण हवी होती आणि त्यासाठी तलाव रिकामा करायचा होता. जानेवारी 2010 मध्ये प्रांतानं परवानगी दिली. केंद्राच्या मंडळानं तिथल्या त्सिल्कोतिन आदिवासींच्या वस्त्यांमध्ये जाऊन सुनावण्या घेतल्या आणि नोव्हेंबरात केंद्रानं नकार दिला. कंपनी नवा आराखडा घेऊन परतली. आता तलाव राहणार, गाळाचा साठा दोनेक किलोमीटर वरच्या बाजूला. सुनावणीत प्रार्थना आणि मुलांची नाटुकली नकोत, असंही तिनं या वेळी पत्रानं कळवलं.

गाळातलं पाणी किती झिरपणार, यावर सगळं अडलं. केंद्रीय खात्याच्या शास्त्रज्ञांचा अंदाज कंपनीच्या आकड्याच्या कितीतरी पट होता. म्हणजे निकालाचं श्रेय एकट्या सहभाग निधीला देता येणार नाही. मात्र सुनावणीत नुसत्या भावना मांडल्या गेल्या, असंही कोणाला म्हणता आलं नाही. फेब्रुवारी 2014 मध्ये दुसरा नकार आला. त्याच वर्षी जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्सिल्कोतिनांचा सुमारे 1,750 चौरस किलोमीटरवरचा हक्क मान्य केला. तलाव त्या हद्दीबाहेर, पण तिथले शिकारीचे हक्क आधीच शाबीत झालेले. खालच्या कोर्टात 339 दिवस चाललेल्या त्या खटल्यातही सरकारनं आदिवासींचा खर्च आगाऊ द्यावा, असा न्यायालयाचा आदेश होता.

आपल्याकडे 2006 च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा जवळपास व्हायला हवी. सुरजागडच्या लोहखाणीच्या विस्ताराची सुनावणी मात्र 2022 मध्ये खाणीपासून लांब, गडचिरोली शहरात झाली. खाणीच्या परिसरातल्या माडिया गोंड आदिवासींना तिथवर येण्याचं भाडं कोणी दिलं, हा प्रश्नच अधिसूचनेत बसत नाही. तज्ज्ञाची फी तर लांबच.

कॅनडानं 2019 च्या कायद्यात निधीची व्याप्ती वाढवली. आणि जून 2025 मध्ये तलावाचा तंटा मिटला. खाणीतली 22.5 टक्के मालकी त्सिल्कोतिनांसाठी विश्वस्तांकडे गेली, त्यांच्या संमतीशिवाय तिथं खाण होणार नाही असं ठरलं, आणि दोनदा नकार मिळालेल्या कंपनीला प्रांतानं 7.5 कोटी डॉलर दिले.