घरचे टपाल बाहेरगावी कसे जाते?

अमरगोळ येथील माझ्या खोलीतील एका जुन्या संगणकावर मी डेबियन ही प्रणाली व पोस्टफिक्स हा ई-मेल पाठविणारा प्रोग्राम बसविला. विद्यार्थ्यांना शिष्यवृत्तीच्या मुदतीची सूचना वेळेवर मिळावी आणि त्यांच्या पत्त्यांची यादी आपल्याच हाती राहावी, एवढाच हेतू. त्याच संगणकावरील एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पत्र क्षणात गेले. धारवाडच्या विद्यार्थ्याच्या जीमेलवर मात्र ते जाईना. असे का होते, हे येथे सांगावयाचे आहे.

ई-मेलची देवाणघेवाण एसएमटीपी या नियमावलीनुसार चालते. जॉन पोस्टेल यांनी ती १९८२ साली लिहिली. तीत एक यंत्र आपले नाव सांगते, पत्र कोणाचे व कोणास ते सांगते. दुसरे '२५०' म्हणते, म्हणजे 'ठीक आहे'. 'तू तोच कशावरून?' हा प्रश्नच मूळ नियमांत नाही! कारण यंत्रे थोडी होती व परस्परांच्या परिचयाची होती. आपल्याकडे १९८६ साली एर्नेट प्रकल्प सुरू झाला, तेव्हा मुंबईत जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईची आयआयटी यांच्यात टेलिफोनच्या तारेवरून ई-मेल जाई, तेही अशाच विश्वासावर. पुढे जाहिरातबाजांनी व भामट्यांनी या भाबडेपणाचा यथेच्छ फायदा घेतला आणि दारे बंद होऊ लागली.

पहिले दार आपल्याच घरी. सर्व्हर परस्परांना पत्रे देतात ती २५ क्रमांकाच्या पोर्टवरून. घरगुती जोडणीवर पुरवठादार हे पोर्ट बहुधा बंदच ठेवतात. ते उघडे असले तरी घरचा आयपी क्रमांक अधूनमधून बदलतो, आणि अशा क्रमांकांच्या याद्या पाहून मोठे सर्व्हर पत्र परत लावतात. शिवाय क्रमांकावरून नाव शोधले असता आपलेच नाव निघाले पाहिजे. ही उलटी नोंद पुरवठादाराच्या हाती असते, आपल्या नव्हे.

दुसरा भाग ओळखीचा. त्यासाठी स्वतःचे डोमेन हवे. त्याच्या डीएनएसमध्ये एसपीएफची नोंद करावी. आमची पत्रे कोणत्या यंत्रांतून निघतात, हे ती सांगते. डीकेआयएम म्हणजे पत्रावरील मोहोर. गुप्त किल्ली सर्व्हरवर राहते, उघडी किल्ली डीएनएसमध्ये. वाटेत मजकूर बदलला तर मोहोर जुळत नाही. दोन्ही न जुळल्यास पत्राचे काय करावे, हे डीमार्क सांगतो. गुगल व याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून या बाबतीत फार कडक धोरण धरले आहे. नोंदी नसलेले पत्र परत तरी येते, नाहीतर स्पॅममध्ये पडते. माझ्या मते दुसरा प्रकार अधिक वाईट. परत आलेले पत्र निदान कळते. स्पॅममध्ये पडलेली सूचना मुदत उलटल्यावर सापडते.

मग घरच्या सर्व्हरने करावे काय? आमच्या अमरगोळच्या एपीएमसी बाजारात शेतकरी आपला माल अडत्यामार्फत विकतो. अडत्याची पत बाजाराला ठाऊक असते. तसाच येथे 'रिले' असतो. पोस्टफिक्सच्या मेन.सीएफ या फाइलमध्ये 'रिलेहोस्ट' या ओळीत त्याचे नाव घालावे, ५८७ पोर्टवरून नाव व पासवर्ड देऊन पत्र त्याच्या हवाली करावे. पुढचे तो पाहतो. एसपीएफच्या नोंदीत त्याचाही उल्लेख हवा, हे विसरू नये. आणि आपला सर्व्हर वाटेल त्याची पत्रे पुढे ढकलणार नाही याची खात्री करावी, नाहीतर भामटे काही तासांत तो शोधून काढतात.

हे सर्व झाल्यावर धारवाडला गेलेल्या पत्राचा मूळ मजकूर उघडून पाहिला. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क, तिन्हींपुढे 'पास' असा शेरा होता. शिष्यवृत्तीची सूचना त्याच आठवड्यात गेली. यादी माझ्या संगणकावर आहे खरी. पण प्रत्येक पत्र अडत्याच्या हातून जाते, तेव्हा पत्तेही त्याच्या नजरेखालून जातातच.