घोरण्यावरचं मशीन घेताय? आधी तपासणी, मग मास्कची ट्रायल, पैसे सगळ्यात शेवटी

भाईंदर : माणूस रात्री मोठ्याने घोरतो, मध्येच श्वास अडकतो, दचकून जाग येते. सकाळी डोकं जड असतं आणि दिवसा बसल्या जागी डुलकी लागते. घरचे म्हणतात, ‘दमलाय, गाढ झोप लागलीय.’ पण हा स्लीप ॲप्निया असू शकतो. संगीतकार बप्पी लाहिरी यांचं १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत निधन झालं, तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचं कारण सांगितलं होतं.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वासाची वाट बंद होते. रक्तातला ऑक्सिजन कमी होतो, रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांची पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. त्यात ३५ ते ६५ वयाच्या शहरी पुरुषांपैकी शंभरात सात-आठ जणांना हा आजार आढळला होता. काशिमीरा-वसई महामार्गावर रात्री ट्रक किंवा टेम्पो चालवणाऱ्याला स्टेअरिंगवर डुलकी लागली, तर जीव त्याचा एकट्याचा जात नाही.

मशीन करतं काय?

सीपॅप नावाचं हे मशीन खोलीतलीच हवा दाबाने मास्कमधून आत सोडतं. त्यामुळे घशाची वाट रात्रभर उघडी राहते. कोरोनात घरोघरी आलेलं ऑक्सिजनचं मशीन वेगळं आणि हे वेगळं. एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

पहिली पायरी : तपासणी

घोरतो म्हणून थेट दुकानात किंवा ऑनलाईन मशीन घेऊ नये. आधी छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवून ‘स्लीप स्टडी’ करावी. ती रुग्णालयात होते, काही रुग्णांची घरीही करता येते. रिपोर्टमध्ये ‘एएचआय’ हा आकडा पाहावा. तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा मंदावला, ते त्यातून कळतं. मोठ्या माणसांत ५ ते १५ म्हणजे सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर गंभीर.

कोणतं मशीन?

साध्या सीपॅपमध्ये दाब एकच असतो. ऑटो सीपॅप रात्रभर गरजेप्रमाणे दाब कमी-जास्त करतं. बायपॅपमध्ये श्वास घेताना दाब जास्त आणि सोडताना कमी असतो. ते महाग असतं आणि सगळ्यांना लागत नाही. कोणतं घ्यायचं आणि दाब किती ठेवायचा, हे डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्यावं. दुकानदाराच्या अंदाजावर सोडू नये.

पैसे वाया जातात ते मास्कमुळे

मशीन चांगलं असूनही कपाटात पडून राहतं, त्याचं मोठं कारण म्हणजे न बसणारा मास्क. नाकावरचा, नाकपुड्यांना लागणारा आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा असे तीन प्रकार असतात. तोंड उघडं ठेवून झोपणाऱ्याला बहुधा तिसरा लागतो. दाढी-मिशीमुळे हवा गळू शकते. मास्क दुकानात झोपून, मशीन सुरू करून लावून पाहावा. मास्कवरची बारीक भोकं श्वास बाहेर जाण्यासाठी असतात, ती कधीही बुजवू नयेत.

अनेक विक्रेते मशीन भाड्याने देतात. आधी दोन-चार आठवडे वापरून बघावं आणि जमलं तरच विकत घ्यावं. वसई, पालघर, डहाणूकडून लोकलने भाईंदर किंवा मीरा रोडला येणाऱ्यांनी आधीच विचारून घ्यावं : मास्क नाही बसला तर बदलून मिळेल का? दुरुस्तीला गावाजवळ कोण आहे?

पैसे देण्याआधी हे बघा

• पक्कं बिल, त्यावर सीरियल नंबर, वॉरंटी कार्डावर शिक्का.

• मास्क, नळी, फिल्टर नंतर किती रुपयांना मिळतात? हा खर्च पुन्हा पुन्हा येतो.

• किती तास वापर झाला याची नोंद मशीनमध्ये राहते का? डॉक्टरांना ती लागते.

• गावात लाईट जाते? मशीन इन्व्हर्टरवर किंवा बॅटरीवर चालतं का, ते दुकानातच चालवून बघा. लाईट गेली की मास्क काढून ठेवा.

• हवा ओलसर करणाऱ्या भांड्यात बोअरचं किंवा विहिरीचं पाणी नको, क्षार साचतात. डिस्टिल्ड वॉटरच वापरा आणि ते रोज बदला.

जुनं मशीन घेताना

फिलिप्स कंपनीने जून २०२१ मध्ये २६ एप्रिल २०२१ पूर्वी बनलेली अनेक मॉडेल जगभरातून परत मागवली. आतला फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याचा धोका होता. म्हणून सेकंडहँड मशीनचा मॉडेल आणि सीरियल नंबर कंपनीकडून तपासल्याशिवाय व्यवहार करू नये. दुसऱ्याचा वापरलेला मास्क तर घेऊच नये.

घेतल्यावर

पहिले काही दिवस नाक कोरडं पडतं, कोंडल्यासारखं वाटतं. तेव्हा मशीन बंद करून ठेवू नये, डॉक्टरांना सांगावं. दाब किंवा मास्क बदलून बहुतेक वेळा त्रास कमी होतो. वजन उतरवणं, कुशीवर झोपणं आणि दारू टाळणं यांचाही फायदा होतो, पण त्याच्या भरवशावर मशीन मनाने बंद करू नये. विक्रेत्याने फसवलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार करता येते. बिल मात्र जपून ठेवावं.