अंत्यसंस्कार साधा हवा असेल तर...

गोपाळ गणेश आगरकर 17 जून 1895 रोजी पुण्यात वारले. वय अवघे 38. त्यांच्या उशाशी एक पुडी सापडली, असे सांगतात. पुडीत थोडे पैसे होते आणि ते आपल्या दहनासाठी असल्याचे लिहून ठेवलेले होते. याच शहरात सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली होती. ती गोष्ट आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. मला मात्र ती पुडीच जास्त मोलाची वाटते. घरच्यांना त्या दिवशी कोणापुढे हात पसरावा लागू नये, एवढी तजवीज त्या माणसाने आजारपणातही करून ठेवली होती.

माणूस गेल्यावर ठरवायला घरच्यांना जेमतेम तीन-चार तास मिळतात. त्या वेळी घरचे सुन्न असतात आणि ज्याचा आवाज मोठा त्याचे चालते. माझी आई 84व्या वर्षी, नारायण पेठेतल्या घरीच गेली. शेजारच्या एका गृहस्थांनी आपुलकीनेच विचारले, "लाकडं किती मण सांगायची?" मी उत्तर देण्याआधीच मामा म्हणाला, "नको. ताईनं लिहून ठेवलंय, विजेवर करा म्हणून." विषय तिथेच संपला. आईने ते दोन वर्षांपूर्वी वहीत लिहिले होते आणि आम्हा भावंडांना व मामाला वाचूनही दाखवले होते. हे मृत्युपत्रात लिहून फारसा उपयोग नसतो. ते बहुधा सगळे आटोपल्यावर उघडले जाते. वेगळा कागद करावा आणि तो कुठे ठेवला आहे हे दोघा-तिघांना ठाऊक असावे. सावरकरांनीही आधीच सांगून ठेवले होते, की आपला देह यांत्रिक वाहनातून न्यावा आणि विद्युतदाहिनीत दहन करावा. 1966 साली मुंबईत चंदनवाडीला तसेच झाले.

आता प्रत्यक्ष काय लागते ते पाहू. पहिली गोष्ट म्हणजे डॉक्टरांचा दाखला. मृत्यू रुग्णालयात झाला तर तो तिथे मिळतो. घरी झाला तर अखेरच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणाचा दाखला द्यायचा असतो. जन्म-मृत्यू नोंदणीचा 1969चा कायदा सांगतो, की यासाठी शुल्क घ्यायचे नाही. म्हणून घरात फार वृद्ध किंवा आजारी माणूस असेल तर ओळखीचे, घरी येऊन पाहणारे डॉक्टर असणे किती गरजेचे आहे ते लक्षात घ्या. कोणाचेच उपचार चालू नसतील तर ऐन वेळी धावाधाव होते. अपघाती किंवा संशयास्पद मृत्यू असेल तर पोलीस आणि शवविच्छेदन टळत नाही. या दाखल्यावर महापालिकेचा पास मिळतो आणि पास दाखवल्यावर स्मशानभूमीत पुढचे काम होते. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत व्हावी लागते.

नेत्रदान करायचे असेल तर पहिला फोन नेत्रपेढीला. साधारण सहा तासांच्या आत ते व्हावे लागते. डोळ्यांवर ओला कापूस ठेवायचा आणि पंखा बंद करायचा. दहनाला त्याने काही अडत नाही.

नवी पेठेतल्या वैकुंठ स्मशानभूमीत लाकडाची चिता, विद्युतदाहिनी आणि गॅसदाहिनी असे तिन्ही पर्याय आहेत. चितेला साधारण 300 ते 400 किलो लाकूड लागते. धुराबद्दल आसपासच्या रहिवाशांच्या तक्रारी जुन्याच आहेत. विद्युतदाहिनीत विजेच्या तारांनी भट्टी तापवलेली असते. देह रुळांवरच्या गाड्यावरून आत सरकवतात आणि दार खाली येते. भट्टी तापायला वेळ लागतो, म्हणून निघण्यापूर्वी फोन करून वेळ विचारून घ्यावी. पेसमेकर बसवलेला असेल तर डॉक्टरांना तसे सांगून तो आधी काढून घ्यावा लागतो, कारण उष्णतेने त्याची बॅटरी फुटते. प्लॅस्टिक, नायलॉन, हारांचे ढीग आत जाऊ देऊ नयेत. साधे सुती वस्त्र पुरे.

एक गोष्ट मात्र कोणी आधी सांगत नाही. ते दार खाली येणे फार झटकन होते. चितेपाशी माणसे बसतात, ज्वाळा पाहतात, हळूहळू उठतात. इथे क्षणात सगळे संपल्यासारखे वाटते. माझा भाचा तर जागच्या जागी थिजला. म्हणून निरोप आधी, घरी किंवा बाहेरच्या ओट्यावर, सावकाश घ्यावा. आम्ही आईला आवडणारी एक प्रार्थना म्हटली, तुळशीपत्र ठेवले आणि मग आत गेलो. लाकडाची चिता हवीच, असे एखाद्याला वाटले तर त्यालाही मी नाव ठेवणार नाही.

विधी करायचे की नाहीत, किती करायचे, हे पूर्णपणे घरच्यांनी ठरवायचे असते. मुलीने अग्नी देऊ नये असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. थोडक्यात, पण अर्थ समजून करायचे असेल तर पुण्यात ज्ञान प्रबोधिनीच्या पुरोहित मंडळींनी ती वाट पाडली आहे. त्यांत स्त्रियाही आहेत. गुरुजींना बोलावले तर काय हवे आणि काय नको ते आधीच स्पष्ट बोलावे. तिथे उभे राहून घासाघीस करणे फार वाईट दिसते.

अस्थी ताब्यात घेताना पावतीवरचे नाव वाचून घ्यावे. आईच्या अस्थी नदीत नकोत, असेही वहीत होते. भावाच्या शेतात आंब्याच्या खड्ड्यात त्या घातल्या, वर माती लोटली. मावशीला ते पटले नाही. "अगं, इंद्रायणीत थोड्या तरी सोडू दे मला," म्हणाली आणि डोळे पुसायला लागली. वहीत याबद्दल काहीच नव्हते. आम्ही तिला चिमूटभर राख पुडीत बांधून दिली. दुसऱ्या दिवशी ती आळंदीला जाऊन आली.