आवाज येत नाही? स्पीकर विकत घ्यायच्या आधी हे बघा
करंजाड्यातल्या माझ्या दुकानात ऑनलाइन बॅच सुरू व्हायची होती, फी घेऊन झालेली, आणि कॉम्प्युटरमधून आवाजच येईना. नवीन स्पीकर आणायला मी पनवेलला निघालोच होतो! कारण निघालं नवा मॉनिटर. एचडीएमआय केबलमधून आवाजही जातो, म्हणून विंडोजने आवाज तिकडे वळवला. मॉनिटरला स्पीकरच नाही, मग ऐकू काय येणार? यूएसबी हेडफोनमुळेही असं होतं, त्याचं साउंड कार्ड त्याच्या आतच असतं.

विंडोज 11 मध्ये खाली उजवीकडे स्पीकरच्या चिन्हावर राइट क्लिक करा, साउंड सेटिंग्ज उघडा, आउटपुटमध्ये आपला स्पीकर निवडा. झूमची ऑडिओ सेटिंग मात्र वेगळी असते, तिथेही बघा. मी तिथेच अडकलो होतो, बॅच थांबलेली!